पळसाच्या पानांचा देह

त्या काळी ‘हा तुमचा कोण?’ असे कोणी कोणाला विचारत नसे. विचारण्याची गरजच उरली नव्हती. रुग्णालयाच्या दारात, लग्नाच्या बोलणीत, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी तळहाताएवढी एक काच समोर ठेवली जाई. दोघांनी तिच्यावर शेजारी शेजारी बोट टेकवायचे. डासाच्या दंशाहून हलकी अशी टोचणी होई, आणि थोड्या वेळाने काचेखाली उजेड उमटे. आई आणि मूल असतील तर तो समईच्या ज्योतीसारखा भरीव पिवळा असे. मामा-भाच्यांचा जरा फिका, चुलत-मावस भावंडांचा काजव्याएवढा. परक्यांच्या बोटांखाली मात्र काच काळीच राही. या काचेला नातेदर्शक म्हणत.

त्यामागचे शास्त्र नवे नव्हते. आपल्या पेशींत डीएनएचा एक लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो आणि त्यावर चारच अक्षरांच्या लिपीत आपला सारा मजकूर लिहिलेला असतो. त्यातला अर्धा आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. दोन माणसांचे धागे शेजारी ठेवून किती अक्षरे जुळतात हे पाहिले की त्यांचे नाते कळते. नवे एवढेच होते, की देशभरातल्या साऱ्या काचा आता एकमेकींशी जोडल्या गेल्या होत्या. या जोडणीला नातेजाळे हे नाव होते. कोठेही कोणाच्याही रक्ताचा थेंब तपासला गेला, की तो हरवलेल्यांच्या आईबापांच्या नमुन्यांशी आपोआप ताडला जाई. जत्रेत चुकलेली, पुरात वाहून गेलेली, पळवून नेलेली, स्वतःचे नावही विसरलेली कितीतरी माणसे अशी घरी परतली होती.

रत्नागिरीच्या नातेशोध केंद्रात डॉ. सुहृद पेठे हा तरुण शास्त्रज्ञ या भेटी घडवून आणण्याचे काम करी. तो अबोल होता. दोन माणसे गळ्यात पडून रडू लागली, की तो खिडकीशी जाऊन बाहेरच्या सुरूच्या झाडांकडे पाहत उभा राही. दुसऱ्यांच्या आनंदाच्या फार जवळ उभे राहण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्याला वाटे.

सुभद्रा पराडकर केंद्रात आल्या त्या सकाळी मात्र तो खिडकीशी जाऊ शकला नाही.

सुभद्राकाकी मालवणजवळच्या एका मच्छीमार वाडीतल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा दिगंबर बारा वर्षांपूर्वी वादळात होडीसह नाहीसा झाला होता. होडीची एक फळी देवबागच्या वाळूत लागली. दिगंबर लागला नाही. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाची पाने दर्भाने बांधून त्याचा माणसाएवढा देह करायचा, त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. तिला पालाशविधी म्हणतात. तो झाला की घरातली माणसे रडून घेतात, सुतक पाळतात आणि दाराकडे पाहणे सोडतात. सुभद्राकाकींच्या दिरांनी पाने आणवली होती, भटजींना सांगितले होते. काकी नको म्हणत होत्या, पण नको म्हणण्याचे बळ संपत आले होते. नेमक्या त्याच आठवड्यात नातेजाळ्याचा निरोप आला: दिगंबर पराडकर, पुत्र, जिवंत. ठिकाण जालना.

निरोप आईबापांना आपोआप जाई; केंद्राची पडताळणी मागून होई. घाई करणारी ही व्यवस्था दयेपोटीच केलेली होती. सुहृदने जालन्याला फोन लावला आणि पलीकडच्या माणसाशी पाचच मिनिटे बोलून त्याला सारा उलगडा झाला, तोवर काकी पहिली गाडी पकडून निघाल्याही होत्या. त्यांच्या पिशवीत गुळात घोळलेले मालवणी खाजे होते. दिगंबरला ते आवडे.

जालन्याहून पडताळणीसाठी आलेल्या तरुणाचे नाव समाधान जिगे होते. मोसंबीच्या रोपवाटिकेत तो कलमे बांधण्याचे काम करी. तो दारातून आत आला तेव्हा काकी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी त्याच्या कपाळाकडे, कानांकडे, उभे राहण्याच्या ढबीकडे पाहिले आणि पुन्हा खाली बसल्या.

“ह्यो तो नाय,” त्या शांतपणे म्हणाल्या.

सुहृदला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची लाजही वाटली. पण काकींना काचेची खात्री करून घ्यायची होती. त्यांनी बोट टेकवले. समाधानने अवघडून आपले बोट शेजारी ठेवले. काचेखाली पिवळाधमक उजेड उमटला आणि त्या दोन बोटांच्या नखांतून आरपार दिसू लागला.

“मगे दिवो कसो लागलो?”

सुहृदने सांगायला सुरुवात केली. नेहमी अडखळणारा तो त्या दिवशी सावकाश, एकेक शब्द तपासून बोलला. समाधानला कॉलेजात असताना रक्ताचा कर्करोग झाला होता. रक्त हाडांच्या पोकळीतल्या मगजात तयार होते. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. समाधानची अस्थिमज्जाच नासली होती. डॉक्टरांनी औषधांनी ती समूळ जाळून टाकली आणि तिच्या जागी एका निरोगी, अनोळखी दात्याची मज्जा सोडली. ती रुजली. तेव्हापासून समाधानच्या देहातले रक्त त्या दात्याचे आहे. त्याची कातडी, केस, डोळे, हाडे त्याच्या स्वतःच्या आईबापांची. रक्त तेवढे दुसऱ्याचे. दात्याचे नाव कायद्याने गुप्त राहते, म्हणून नातेजाळ्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने रक्त वाचले आणि रक्ताने खरे तेच सांगितले.

मग काकींना आठवले. नाहीसा होण्याच्या आदल्या वर्षी दिगू इंजिनाचे काम शिकायला म्हणून मुंबईला गेला होता आणि कंबर धरून परत आला होता. आगगाडीच्या बाकड्यांना शिव्या घालत त्यांनी निगडीचा पाला गरम करून त्याची कंबर शेकली होती. मज्जा कमरेच्या हाडातूनच काढतात, हे सुहृदने सांगितल्यावर त्या किंचित हसल्या.

“म्हणजे कलम केल्यानी म्हणा,” त्या समाधानला म्हणाल्या. “झाड तुझा, आंबो माझो.”

“हो मावशी,” समाधान म्हणाला. “आमच्याकडं मोसंबीचं तसंच करतात.”

आपण आयुष्यभर हेच काम करतो आणि आपल्याबाबत हा शब्द कधी सुचला नाही, असे काहीसे तो पुटपुटला.

मग काकींनी सुहृदकडे वळून विचारले.

“दिगू जितो आसा की मेलो? येकच काय ता सांगा.”

पुढे काय करायचे हे नियमात स्पष्ट होते. समाधानच्या गालाच्या आतल्या कातडीचा नमुना घ्यायचा. त्यात त्याचा स्वतःचा धागा मिळाला असता, चूक दुरुस्त झाली असती, आणि दिगंबर पराडकर पुन्हा बेपत्ता ठरला असता. वाडीत पाने वाळत पडलीच होती. सुहृदने नमुन्याची काडी बाहेर काढून टेबलावर ठेवली. काकींनी तिच्याकडे पाहिले.

“जेचा रगात अजून फिरता, तेका मी जाळू कशी?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. खरोखरच कोणी तरी सांगावे, अशा स्वरात विचारले होते.

समाधानने काडी उचलली नाही. सुहृदनेही ती पुढे सरकवली नाही. त्या दिवशी नातेजाळ्यात एक चूक तशीच राहू दिली गेली, आणि तिघांनाही ती दयाच वाटली.

त्यानंतर समाधान दर वर्षी नारळी पौर्णिमेला मालवणला येऊ लागला. सुहृदही रत्नागिरीहून येई. केंद्राची काच सोबत आणी. उंबऱ्याच्या आत बसून काकी आणि समाधान बोटे टेकवत, उजेड उमटे, काकी तो डोळे भरून पाहत आणि मग खाजे वाटत. पालाशविधीचे नाव वाडीत कोणी काढीनासे झाले. समाधान समुद्राला घाबरे. गुडघ्याएवढ्या पाण्यातही तो कोणाचा तरी हात धरी.

“रगात पराडकरांचा आणि पाण्याक भियतंस?” काकी म्हणत. “दिगून आयकल्यान तर हसतलो.”

“रक्त भीत नाही मावशी, पाय भितात. ते जालन्याचे आहेत,” समाधान म्हणे, आणि भोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून हसत.

जालन्याला समाधानची आई होती, कौसाबाई. तिला सारे ठाऊक होते. आजारपणात तिने मुलाला उशीवरून केसांच्या झुबक्यांसकट उचलले होते. त्याला वाचवणाऱ्या घराविषयी तिच्या मनात कृतज्ञता होती, आणि एक सल होता. प्रत्यारोपणानंतर तिने मुलाच्या शेजारी नातेदर्शकावर कधीही बोट टेकवले नव्हते. रेशनच्या दुकानात, बँकेत, जेथे काच समोर येई तेथे ती काही तरी निमित्त काढून मागे फिरे. अंधार उमटेल हे तिला ठाऊक होते. एकदा समाधान मालवणला निघाला असता तिने निरोप धाडला, तो त्याने हसत हसत काकींना सांगितला होता: त्यांना म्हणावं, रगत तुमचं आसंल, हाडं माझी हायेत. काकींनीही हसून मान डोलावली होती. त्यांनी तिच्यासाठी दर वर्षी वेगळे खाजे बांधून दिले, आणि कौसाबाईंनी दर वर्षी त्यांच्यासाठी मोसंबी पाठवली. दोघी एकमेकींना भेटल्या मात्र नव्हत्या.

काही वर्षे अशी गेली. मग एका पौर्णिमेला काचेखाली उजेड उमटला तो फिका होता.

काकींनी पदराने बोट पुसले, पुन्हा टेकवले. उजेड तेवढाच, सांजवेळी ढगाआड उरतो तसा. काचेवर अक्षरे आली: दूरचे नाते.

“ह्येका काय झाला? काच खराब झाली काय?”

सुहृदने समाधानकडे पाहिले आणि समाधानने त्याच्याकडे. दोघांनाही कळले होते. कलम बांधणाऱ्याला खुंटाचे फुटवे ओळखता येतात. कलमाखाली झाडाचे मूळ खोड जिवंत असते. क्वचित, अनेक वर्षांनीही, त्याला स्वतःची फूट येते आणि ती वर चढवलेल्या कलमाला हळूहळू मारते. समाधानच्या हाडांत जाळून टाकलेली मज्जा कोठे तरी कणभर उरली होती. ती आता पुन्हा वाढत होती. ती त्याची स्वतःची होती, आणि तीच आजारी होती. त्याच्या रक्तात दिगंबर जितका कमी होत जाईल, तितका आजार वाढलेला असेल. नाते मोजणारी काच नकळत त्याच्या आयुष्याचे उरलेले तेल मोजू लागली होती.

“काच बदलून आणतो,” सुहृद अखेर म्हणाला.

“डॉक्टरानू, खोटा बोलू नका. तुमका जमणा नाय.”

मग त्याने सांगितले. सारे ऐकून झाल्यावर काकी म्हणाल्या, “माझा रगात घेवा. अर्धो दिगू माझ्यात आसाच.” सुहृदने ती गोष्ट खरोखरच तज्ज्ञांना विचारली, कारण शास्त्राच्या दृष्टीने ती वेडगळ नव्हती. पण काकींचे वय झाले होते. उत्तर नकाराचेच आले.

समाधानवर उपचार सुरू झाले. अशा वेळी सर्वांत आशेचा उपाय हा, की मूळ दात्याकडूनच पुन्हा थोड्या पेशी घ्याव्यात. त्याच्या रक्तातल्या सैनिकपेशी परतलेल्या आजाराशी लढू शकतात. दाता बेपत्ता झाला, हे समाधानने डॉक्टरांना सांगितले होते. तरी रुग्णालयाने रीतीप्रमाणे नातेजाळ्याला विचारणा केली, आणि ती विचारणा पडताळणीसाठी सुहृदच्याच पडद्यावर आली. जाळ्याचे उत्तर तयार होते: दाता जिवंत. सध्याचे ठिकाण जालना. खाली समाधानच्याच घराचा पत्ता होता.

सुहृद त्या ओळींकडे पाहत राहिला. एका आईला पानांचा देह जाळावा लागू नये म्हणून त्याने जी चूक राहू दिली होती, ती आता एका मरणाऱ्या माणसाला सांगत होती, की तुला वाचवू शकणारा मनुष्य जिवंत आहे आणि तो तूच आहेस. त्याने स्वतःच्या हाताने नोंद पुसली. दुसरा दाता शोधला गेला. मिळाला तो पुरता जुळणारा नव्हता, आणि समाधानच्या देहात दुसऱ्यांदा जळण्याची ताकद राहिली नव्हती. उपचार थांबवून त्याला घरी आणले गेले. आईला त्याने यातले फारसे काही सांगितले नाही. औषधे बदलली आहेत, आता घरीच घ्यायची आहेत, एवढेच सांगितले.

तो येऊ शकणार नव्हता, म्हणून त्या वर्षी काकी जालन्याला निघाल्या. सुहृद त्यांच्यासोबत गेला. वाटभर त्या खिडकीतून कोरड्या माळांकडे, काळ्या जमिनीकडे पाहत होत्या. एवढ्या आत, पाण्यापासून एवढ्या लांब येऊन दिगू राहिला, असे त्या एकदाच म्हणाल्या.

घराच्या पडवीत खाटेवर समाधान पडला होता. त्याचे ओठ पांढरे झाले होते. कौसाबाईंनी काकींना वाकून नमस्कार केला, पाणी दिले, पाटावर बसवले. वयाने दोघी सारख्याच होत्या. काय बोलावे हे दोघींनाही कळेना, म्हणून त्या मोसंबीबद्दल आणि खाज्याबद्दल बोलल्या. मग रीत म्हणून सुहृदने काच बाहेर काढली. त्याला ती काढायची नव्हती; समाधाननेच खूण केली. काकींनी बोट टेकवले. समाधानचे बोट त्यांनी स्वतःच उचलून शेजारी ठेवले.

काच काळीच राहिली.

काकींनी हात मागे घेतला नाही. त्या अंधाराकडे पाहत, त्या थंड बोटाला आपले बोट लावून, तशाच बसल्या. बारा वर्षे आणि त्यावरची सारी वर्षे जे त्यांनी होऊ दिले नव्हते, ते त्या पडवीत भर दुपारी, एका अनोळखी गावात, आवाज न करता झाले. त्यांचा मुलगा आता कोठेच नव्हता.

कौसाबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून हे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक विचार उगवत गेला, आणि तो कोठवर जाणार हे सुहृदला दिसले; पण तो आपल्या जागेवरून हलू शकला नाही. त्या पुढे आल्या. काकींच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. इतकी वर्षे ज्या काचेपासून त्या तोंड चुकवीत आल्या होत्या, तिच्यावर त्यांनी आपले बोट ठेवले.

उजेड उमटला. समईच्या ज्योतीसारखा, भरीव, पिवळा. त्यात त्यांची सुरकुतलेली नखे आणि मुलाची रक्त उतरलेली नखे सारखीच सोनेरी झाली.

“साहेब,” कौसाबाई म्हणाल्या. “माझं रगत परत आलं त्याच्यात. बघा की. म्हंजे दुखणं गेलं न्हवं? आता त्याचं त्याला आलं, आता बरा होतोय न्हवं त्यो?”

समाधानने डोळे मिटले होते. आईच्या बोटाला लावलेले बोट मात्र त्याने उचलले नाही.

सुहृदने तोंड उघडले. नातेजाळ्याचे सारे शास्त्र त्याला पाठ होते. कोणती अक्षरे कोणाची, ती का जुळली आणि जुळण्याचा अर्थ काय, हे तो एका वाक्यात सांगू शकला असता. त्याने काकींकडे पाहिले. त्यांना ते वाक्य ठाऊक होते. त्यानेच ते त्यांना शिकवले होते.

सुभद्राकाकींनी पिशवी पुढे ओढली. गाठ सोडली. त्यांनी खाज्याचा एक तुकडा काढून कौसाबाईंच्या हातावर ठेवला.

“घेवा,” त्या म्हणाल्या. “तोंड गोड करा.”

कौसाबाईंनी तो कपाळाला लावला, अर्धा मोडून मुलाच्या ओठांशी नेला, आणि शेजारणींना बोलवायला लगबगीने अंगणात गेल्या. पडवीत काच तशीच उजळलेली होती. समाधानचे बोट तिच्यावर होते आणि आईच्या बोटाची जागा रिकामी होती. थोड्या वेळाने उजेड आपोआप मावळला.

काकींनी त्याच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. मग सुहृदकडे न पाहता, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, की वाडीवर दिरांना फोन लावून द्या. पळसाची पाने आणायला सांगायची होती.